पाटीवरची अक्षरं

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत चालत जायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्या रस्त्यात डॉक्टरांच्या चौदा पाट्या आहेत. माझं औषधाचं दुकान त्याच रस्त्यावर. त्यामुळे रोज कोणी ना कोणी काउंटरवर कोपर टेकवून विचारतं. परवा एकजण आला, "भाऊ, पोट्ट्याचे गुडघे दुखून राह्यले, कोन्या डाक्टरले दाखवू?"

मी डॉक्टर नाही. दोन वर्षांचा डी.फार्म. केलेला माणूस आहे. पण इतकी वर्षं चिठ्ठ्या वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली आहे. आपले लोक डॉक्टर निवडतात तो हाताला गुण आहे का, फी किती घेतो आणि सुई देतो का, यावर. नावाखालची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. खरं म्हणजे पाटीवर कामाचं तेच असतं. हा माणूस काय शिकला, किती वर्षं शिकला आणि काय शिकलेला नाही, ते तिथे लिहिलेलं असतं.

सुरुवात एम.बी.बी.एस.पासून करू. बारावीनंतर नीट परीक्षा, मग साडेचार वर्षं वर्ग आणि वॉर्ड, शेवटी एक वर्ष इंटर्नशिप, असं सगळं मिळून साडेपाच वर्षं. पहिल्या वर्षी मृतदेहावर शरीररचना शिकतात, पुढे रोग, जंतू, औषधं, आणि मग मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, लहान मुलं, डोळे, कान-नाक-घसा असं सगळं थोडं थोडं. इंटर्नशिपमध्ये प्रत्येक खात्यात काही दिवस राबावं लागतं, त्यात गावपातळीवरची ड्युटीही येते. म्हणजे एम.बी.बी.एस. झालेल्या माणसाला कुठल्याच एका गोष्टीतलं सगळं येत नाही, पण कुठलं दुखणं किती गंभीर आहे हे ओळखायला तो शिकलेला असतो. ताप, जुलाब, बीपी, शुगर, विंचू, जखम, साधं बाळंतपण यांसाठी याच्या वर जायची बहुतेक वेळा गरज नसते. आपण मात्र एम.बी.बी.एस.ला 'साधा डॉक्टर' म्हणतो.

या शिक्षणाचा आणि खेड्याचा संबंध असावा, असा विचार करून काढलेलं महाविद्यालय शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. सुशीलाताई स्वतः डॉक्टर, गांधीजींच्या प्रकृतीची काळजी घेणाऱ्या. तिथली दर वर्षीची नवी तुकडी एक खेडं दत्तक घेते. विद्यार्थी त्या गावात जाऊन राहतात, घरं वाटून घेतात आणि पुढची वर्षं त्याच घरांत जात राहतात. आता राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानेही देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना कुटुंबं दत्तक घ्यायला लावली आहेत.

एम.बी.बी.एस.च्या पुढे एम.डी. किंवा एम.एस., आणखी तीन वर्षांचं. लोकांची खरी फसगत इथे होते. आमच्याकडे 'एम.डी. डाक्टर' म्हटलं की विषय संपला, आता याच्यापेक्षा मोठा कोणी नाही. पण नुसत्या एम.डी.वरून काहीच कळत नाही. पुढे कंसात काय आहे ते पाहायचं. एम.डी. मेडिसिन म्हणजे फिजिशियन. बालरोगात एम.डी. केलेला लहान मुलांचा डॉक्टर. पॅथॉलॉजीत केलेला रक्त-लघवी आणि गाठींचे तुकडे तपासतो. भूलशास्त्रात केलेला ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. कोणी औषधशास्त्रात एम.डी. करून कॉलेजात शिकवतो. आयुर्वेदातही एम.डी. असतं आणि होमिओपॅथीतही. शिवाय रशिया किंवा युक्रेनकडून शिकून आलेल्यांच्या प्रमाणपत्रावर 'एम.डी. फिजिशियन' असं छापलेलं असतं. ती त्या देशातली पहिली पदवी. आपल्याकडे परीक्षा पास होऊन नोंदणी झाल्यावर ती एम.बी.बी.एस.च्या बरोबरीची धरतात. तो डॉक्टर उत्तमही असेल, पण त्याने इथल्या एम.डी.ची तीन वर्षं केलेली नसतात.

एम.एस. म्हणजे हत्याराचं काम. जनरल सर्जन, हाडांचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे. स्त्रीरोगतज्ज्ञांमध्ये काहींच्या पाटीवर एम.डी. दिसेल, काहींच्या एम.एस., त्यात घोळ करून घेऊ नये. डी.एन.बी. लिहिलेलं असेल तर ते एम.डी. किंवा एम.एस.च्या बरोबरीचं. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी आहे, आणि ते शिक्षण बऱ्याचदा कॉलेजऐवजी मोठ्या रुग्णालयात होतं.

आता फिजिशियन कधी आणि सर्जन कधी? चिरून, कापून किंवा शिवून दुरुस्त होण्यासारखं असेल तर सर्जन, औषधाने होण्यासारखं असेल तर फिजिशियन, ही ढोबळ खूण. साप चावला तर पाय सुजतो, काळा पडतो, म्हणून लोक सर्जनला हाका मारतात. पण विष रक्तात आणि नसांत गेलेलं असतं, ते काम फिजिशियनचं. आणि त्याच्याही आधी प्रतिविषाची सुई जिथे जवळ असेल तिथलं. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात असते, त्यासाठी यवतमाळ गाठत बसायचं नाही. फवारणीचंही तसंच. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डोळ्यांची आग होते, धूसर दिसतं, मळमळतं, घाम सुटतो, अशी सुरुवात असते. डोळे चुरचुरतात म्हणून डोळ्यांचा डॉक्टर शोधत बसलं, की तासभर तिथेच जातो.

बारीक अक्षरांतली बारीक गंमत

तालुक्याच्या गावी एम.डी., एम.एस. कमी, डिप्लोमावाले जास्त. डी.सी.एच. लहान मुलांचा, डी.जी.ओ. बायकांच्या आजारांचा आणि बाळंतपणाचा, डी.ऑर्थो. हाडांचा, डी.ए. भुलीचा. एम.बी.बी.एस.नंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम. एम.डी.पेक्षा एक वर्ष कमी, पण काम तेच. कितीतरी तालुक्यांची बाळंतपणं वर्षानुवर्षं डी.जी.ओ.वाल्यांनीच निभावली आहेत.

गंमत पुढे आहे. पाटीवर सी.सी.एच., सी.जी.ओ. असंही दिसतं. डी.सी.एच. आणि सी.सी.एच. यांत फक्त पहिलं अक्षर वेगळं, पण अंतर मोठं. 'डी' डिप्लोमाचा आणि 'सी' सर्टिफिकेटचा, म्हणजे थोड्या मुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. तो केला यात वाईट काही नाही, पण तेवढ्याने कोणी बालरोगतज्ज्ञ होत नाही. 'एफ'ने सुरू होणारी लांबलचक अक्षरं कधी फेलोशिपची असतात, म्हणजे खरोखरच्या जादा शिक्षणाची, आणि कधी नुसत्या एखाद्या संघटनेच्या सभासदत्वाची. पाटी भरलेली दिसली की शिक्षण जास्त, असं नसतं.

या रस्त्यावरच्या चौदा पाट्यांपैकी निम्म्या बी.ए.एम.एस.च्या आहेत. आयुर्वेदाची ही पदवीही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचीच. होमिओपॅथीची बी.एच.एम.एस. तेवढीच. (आणि शेवटची पाटी ढोरांच्या डॉक्टरची आहे, त्यांचं शिक्षणही साडेपाच वर्षांचं. त्यांचा पेशंट बोलत नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्तच आदर आहे.) रात्री दोन वाजता दार वाजवलं तर आमच्या भागात दार उघडणारा बहुतेक वेळा बी.ए.एम.एस. असतो. १०८ च्या गाडीत बसून येणारा डॉक्टरही बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांतही हेच पुष्कळ. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा मेळघाटात जाऊन रात्र काढावी.

पण कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या बी.ए.एम.एस. डॉक्टरांना त्यांच्या प्रशिक्षणापुरती आधुनिक औषधं देण्याची मुभा राज्य सरकारने दिलेली आहे. होमिओपॅथीचं प्रकरण जास्त गुंत्याचं आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात असं ठरवलं की, जी पद्धत शिकलाच नाहीत तिची औषधं देणं हा निष्काळजीपणा आहे. मग २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना वाट करून दिली, आणि त्यावरून दोन्ही बाजूंचे डॉक्टर आजपर्यंत भांडत आहेत. आयुर्वेदातल्या एम.एस.चंही तसंच झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या शस्त्रक्रियांची ५८ नावांची यादी निघाली आणि पुढच्याच महिन्यात ॲलोपॅथीवाल्यांनी एक दिवस ओपीडी बंद ठेवली. या भांडणात कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. ऑपरेशन सांगितलं असेल तर एम.एस.च्या पुढे कंसात 'आयु.' आहे की 'जनरल सर्जरी', हे वाचायचा आणि विचारायचा हक्क पेशंटला आहे. एवढं मला कळतं.

ज्याची पाटी नसते तो

माझी मावसबहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री अकराला कळा अडल्या. रुग्णालयात थिएटर होतं, त्या दिवशी बाळंतपणाच्या मॅडमही होत्या. तरी त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि साठ किलोमीटरवर पाठवलं. गाडीत मावशी सारखं म्हणत होती, "डाक्टरीन होती ना तिथं, मंग काहून धाडलं?" मीही मनातून चिडलेलोच होतो. पहाटे साडेचारला सिझर झालं, दोघं वाचले. का पाठवलं ते मला नंतर कळलं. त्या रात्री भुलीचा डॉक्टर नव्हता.

सिझर म्हणजे एका डॉक्टरचं काम, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात तीन जण लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आणि बाळ रडलं नाही तर त्याला पाहायला बालरोगतज्ज्ञ. शिवाय रक्ताची सोय. यांतलं एक जरी नसेल आणि शहाण्या डॉक्टरला धोका दिसत असेल, तर तो पाठवणारच.

भुलीच्या डॉक्टरबद्दल लोकांना वाटतं की सुई टोचली अन् काम झालं. सुई टोचल्यावर त्याचं काम सुरू होतं. सिझरला बहुधा कमरेच्या मणक्यांमधून भूल देतात. बाई जागी असते, बोलते, पण छातीखाली दुखत नाही. त्या भुलीने खालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी धाडकन उतरतं. ते उतरलं की बाळाला जाणारं रक्त कमी. म्हणून तो दर मिनिटाला बीपी पाहतो, सलाईन वाढवतो, औषध देतो, रक्त किती गेलं त्याचा हिशेब ठेवतो. पूर्ण बेशुद्ध करायची वेळ आली तर पेशंटचा श्वासही त्याच्याच हातात. 'सकाळपासून काही खाल्लं का' हे तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि नातेवाईक चहा-बिस्किटाची गोष्ट लपवतात. पोटात अन्न असेल तर भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, त्यातून जीव जातो. दमा, कवळी, आधीच्या ऑपरेशनला झालेला त्रास, रोजच्या गोळ्या, हे सगळं त्याला खरं सांगायचं. ऑपरेशन करणारा पोटाकडे बघत असतो, हा उरलेल्या माणसाकडे.

आणि याच माणसाची गावात पाटी नसते. तो डिकीत सामान टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो. पेशंटला त्याचा चेहराही आठवत नाही, बिलावर फक्त 'भूल' म्हणून एक ओळ असते. तज्ज्ञ कमी पडतात म्हणून केंद्र सरकारने एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवडे जीवरक्षक भुलीचं आणि सोळा आठवडे तातडीच्या बाळंतपणाचं प्रशिक्षण द्यायची योजना काढली. पदवी तीच राहते, पण जिथे तीन वर्षं शिकलेला माणूस यायला तयार नाही तिथे निदान अठरा आठवडे शिकलेला असतो. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा. तिथल्या डॉक्टर जोडप्यात प्रकाश आमट्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मंदाकिनीताईंचं शिक्षण भूलशास्त्रातलं आहे, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं.

गडचिरोलीतल्या एका कामाने तर माझाच हिशेब थोडा बिघडवला. राणी आणि अभय बंग दोघंही एम.डी. त्यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि प्रतिजैविकाची सुई देणंसुद्धा. पाटीवर लावायला या बायकांकडे एकही अक्षर नव्हतं. तरी त्या गावांतले नवजात बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते ती त्याच पद्धतीने. तेव्हा अक्षरं वाचायची ती अमुक माणूस नेमकं काय शिकला हे कळावं म्हणून. त्या बायका नेमकं तेवढंच शिकल्या होत्या, आणि पक्कं शिकल्या होत्या.

नागपूरला नेल्यावर

वरची पायरी डी.एम. आणि एम.सीएच., एम.डी. किंवा एम.एस.नंतर आणखी तीन वर्षं. पहिल्या दिवसापासून मोजली तर साडेअकरा वर्षं होतात, मधल्या प्रवेश परीक्षांची तयारी वेगळीच. इथेही औषध आणि हत्यार अशी जोडी असते. डी.एम. नेफ्रॉलॉजी केलेला किडनीवर औषधाने इलाज करतो आणि डायलिसिस बघतो, एम.सीएच. युरॉलॉजी केलेला मुतखडा काढतो. खारपाण पट्ट्यातला, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातला, माणूस क्रिएटिनिन वाढलेला, म्हणजे किडनी थकत चालल्याचा, रिपोर्ट घेऊन युरॉलॉजिस्टसमोर बसतो आणि तो पुन्हा दुसरीकडे पाठवतो, तेव्हा 'डाक्टर फिरवून राह्यले' असं वाटतं. मेंदूच्या बाबतीत न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन, हृदयाच्या बाबतीत कार्डिऑलॉजिस्ट आणि हार्ट सर्जन, असंच.

नागपूरला 'मेडिकल' म्हणजे १९४७ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथून परत आलेल्यांची ठरलेली तक्रार, "मोठ्या डाक्टरनं पाह्यलंच नाही, पोट्ट्यायनंच तपासलं." ते पोट्टे एम.बी.बी.एस. पूर्ण झालेले, नोंदणी असलेले डॉक्टर असतात. एम.डी., एम.एस. शिकता शिकता वॉर्ड सांभाळतात, त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षाचा दुसऱ्याला विचारतो, दुसरा तिसऱ्याला, आणि त्यांच्या वर प्राध्यापक. छत्तीस तास न झोपलेला तो पोरगा आपला पेशंट नावाने ओळखत असतो, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

एक सरकारी नावही लोकांना फसवतं. जिल्हा शल्यचिकित्सक, म्हणजे सिव्हिल सर्जन, हे जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाचं पद आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं. त्या खुर्चीतला माणूस डोळ्यांचा किंवा लहान मुलांचाही डॉक्टर असू शकतो. हर्नियासाठी त्याच्या केबिनबाहेर ताटकळू नये.

अक्षरं खरी आहेत का, हेही तपासता येतं. प्रत्येक डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो आणि तो चिठ्ठीवर छापावा लागतो. ॲलोपॅथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, आयुर्वेद-युनानीवाल्यांची आणि होमिओपॅथीवाल्यांची त्यांच्या त्यांच्या परिषदांकडे. वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. माझ्याकडे क्रमांक नसलेली चिठ्ठी आली की मी आधी फोन करतो. बोगस डॉक्टरची चिठ्ठी ओळखायला दुसरी शक्कल लागत नाही. सर्दीला तीन प्रतिजैविकं, स्टिरॉइड आणि वर सलाईन. रक्त तपासणीच्या कागदाचंही तेच. नमुना घेणारा आणि मशीन चालवणारा बहुधा डी.एम.एल.टी. झालेला तंत्रज्ञ असतो, पण रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या डॉक्टरची हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

गुडघ्यांवाल्या पोराचं राहिलंच. बाप त्याला आधी हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जाणार होता, एक्स-रेसाठी पैसेही बांधून आणले होते. मी विचारलं, पडला-बिडला होता का? नाही. एकाच गुडघ्याला? नाही, कधी कोपर, कधी पाठ, आणि ताप. डोळे पिवळट. आमच्या विदर्भात, त्यातही पूर्वेकडे, असं पोर दिसलं की सिकलसेलचा, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, विचार आधी करावा लागतो. मी एवढंच म्हटलं, की आधी आरोग्य केंद्रातल्या एम.बी.बी.एस. मॅडमना दाखवा. तिथे बोटातलं रक्त घेऊन काही मिनिटांत प्राथमिक चाचणी झाली, ती पॉझिटिव्ह आली, म्हणून पक्क्या तपासणीसाठी नमुना जिल्ह्याला गेला. पंधरवड्याने बाप दुकानात आला. आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढला, काउंटरवर पसरला आणि खालच्या सहीवर बोट ठेवून म्हणाला, "एम.डी. लिवलंय भाऊ. कंसात काय हाय ते वाच बरं."